थंडीची लाट, रेडिओचा आकडा आणि आपलं रान



मार्गशीर्ष लागला की रेडिओवर ‘विदर्भात तुरळक ठिकाणी थंडीची लाट येण्याची शक्यता आहे’ हे वाक्य ऐकू येऊ लागतं. जानेफळ परिसरात फिरताना मग एक प्रश्न हटकून विचारला जातो. ‘साहेब, रेडिओवर सात अंश सांगितलं होतं. सात अंशाला तूर करपत नाही म्हणता, मग आमच्या नाल्याकाठच्या तुरीचे शेंडे काळे कसे पडले?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जुनं असून ते सापडलं आपल्याच मुलखात, पुण्याला.

आधी ही थंडी येते कुठून ते पाहू. उत्तर ध्रुवाकडचं गार वारं थेट आपल्यापर्यंत पोचत नाही. मध्ये हिमालय आडवा उभा आहे. आपल्याकडची लाट येते ती पश्चिमी चक्रावातामागून. भूमध्य समुद्राकडून निघालेलं हे वादळी हवामान काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढे सरकतं. त्याच्या पाठीमागे आभाळ स्वच्छ होतं आणि उत्तरेचा कोरडा, गार वारा मध्य प्रदेश ओलांडून सातपुड्याच्या अलीकडे उतरतो. म्हणून डोंगरात बर्फ पडल्याची बातमी आली की आपण दोन-चार दिवसांत सावध व्हावं.

असे कडाके नवे नाहीत. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचं किमान तापमान १.७ अंशापर्यंत उतरलं होतं. ७ जानेवारी १९३७ ला नागपुरात ३.९ अंश नोंदलं गेलं. हा नागपूरचा नीचांक एक्क्याऐंशी वर्षं टिकला आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशाने मोडला. हिवाळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत असं आपण म्हणतो, त्यात तथ्यही आहे. पण एखादी रात्र पन्नास वर्षांचा हिशेब चुकवून जाते, हे २०१८ ने दाखवून दिलं.

आता पुण्याची गोष्ट. भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातले लोक त्या इमारतीला आणि चौकाला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते यामुळेच. त्या काळात हवामानाचं काम मुख्यतः जहाजं, विमानं आणि मान्सून यांच्यासाठी चाले. शेतीचं कोण बघतो? शेतीसाठी नेमलेल्या शाही कमिशनने शिफारस केली आणि १९३२ साली पुण्यात शेती-हवामानाची वेगळी शाखा निघाली. तिचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. कलकत्त्याला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस थर्मामीटर घेऊन थेट उघड्या रानात उतरला.

हवामान केंद्रातला थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असतो. रेडिओचा आकडा त्या पेटीतला. पण हरभरा काही चार फुटांवर वाढत नाही! रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीलगत निरनिराळ्या उंचीवर मोजमाप घेतलं. रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडते, म्हणून सर्वांत गार जागा जमिनीचा पृष्ठभाग असणार, असं तेव्हाची पुस्तकं सांगत. यांना दिसलं वेगळंच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन उघडी असेल तर सर्वांत गार हवा जमिनीवर नसते, तर वीतभर ते हातभर उंचीवर असते. तिथली हवा जमिनीपेक्षाही गार भरते. हे १९३२ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा परदेशी शास्त्रज्ञांना पटेना. मोजण्यातच चूक असेल असं काहींचं म्हणणं. पुढे इतरांनाही तेच आढळलं आणि त्या थराला ‘रामदास थर’ हे नाव पडलं. त्याची कारणं शोधत बंगलोरचे शास्त्रज्ञ १९९० नंतरही खपत होते.

वीतभर ते हातभर म्हणजे फुलावर आलेल्या हरभऱ्याची आणि कोवळ्या गव्हाची उंची. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट रानात साचते. आपण घाटावरचे, इथे एका शिवारात टेकाड आणि नाला दोन्ही असतात. पेटीत सात अंश असताना नाल्याकाठच्या रानात तीन-चार अंशांचा फरक सहज पडू शकतो. तुरीच्या शेंड्यांचं उत्तर हे आहे.

१९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वार्तापत्र सुरू झालं, आणि १९७६ पासून त्यासोबत पीकसल्लाही मिळू लागला. आता आपल्या भागाचा अंदाज नागपूरच्या केंद्रातून येतो आणि पीकसल्ला अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून. भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते, तिला मान आहेच. पण पौषातल्या कोणत्या रात्री पारा उतरणार हे तिथून कळत नाही.

वार्तापत्रातल्या ‘थंडीची लाट’ या शब्दाला माप आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जाऊन नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घटलं, तर ती लाट. साडेसहा अंशांहून जास्त घटलं तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा खाली गेला तर सरासरी न बघताच लाट म्हणतात. हवेत नुसता गारठा वाटला म्हणून हा शब्द वापरत नाहीत, तेव्हा तो ऐकला की कामाला लागा.

गव्हाची काळजी फारशी नको. फुटवे येण्याच्या काळात त्याला थंडी मानवते. जीव अडकतो तो फुलावरच्या हरभऱ्यात, शेंगा भरणाऱ्या तुरीत, भाजीपाल्यात आणि घाटाखालच्या केळीत. लाटेच्या आदल्या संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. मात्र भारी काळ्या रानात हरभऱ्याला पाट भरून पाणी सोडू नका, पीक उभळेल. ज्यांच्याकडे अजून रात्रपाळीची लाईट आहे, त्यांना निदान या कामापुरती ती सोयीची पडते. एरवी तिचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही.

धूर करायचा तर पहाटे दोन-तीनच्या सुमारास, वारा पडलेला असताना, धुऱ्यावर ओलसर काडीकचरा धुमसता ठेवावा. भडका नको, धूर पिकावर पसरला पाहिजे. वारा सुटला असेल तर धूर वाहून जातो, पण त्या रात्री गार थर तितकासा साचतही नाही. मग झोपलात तरी चालेल. वासरांच्या अंगावर गोणपाट टाका आणि गोठ्याची उत्तरेची बाजू ताट्याने झाका.

शक्य झाल्यास दोन साधे थर्मामीटर आणा. एक टेकाडावर आणि एक नाल्याकाठी, खुंटाला हातभर उंचीवर बांधा. आठ-दहा रात्री पहाटेचे आकडे वहीत टिपून रेडिओच्या आकड्याशेजारी मांडा. तुमच्या रानाचा फरक किती अंशांचा ते कळलं, की पुढच्या वार्तापत्रातून तेवढे अंश वजा करूनच संध्याकाळच्या पाण्याचं ठरवा.