मगाचा कान

मलकापूरच्या न्हाणीत बादलीला लटकलेला प्लास्टिकचा मग एका खानदानी भांड्याचा वंशज आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचे मग घडू लागले. झाकणाचा तो टँकार्ड, बिनझाकणाचा तो मग. सुरुवातीच्या काही मगांनी गोल पोट आणि वळ्यावळ्यांची मान जर्मन मातीच्या भांड्यांकडून उचलली होती. हजारात ९२५ भाग चांदी, अंगावर १५४४ साली सुरू झालेला सिंहाचा छाप आणि बाजूला एक कान. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात बाप्तिस्म्याला बाळाला असा मग देण्याची रीतच पडली. पिण्यासाठी जन्मलेले हे भांडे आपल्याकडे स्वयंपाकघर सोडून न्हाणीत का गेले? माझ्या मते त्याचे उत्तर त्या कानात आहे.

चांदीचे अप्रूप हे कारण नव्हे. रजतनगरी म्हणवणारे खामगाव मलकापूरच्याच जिल्ह्यात आहे. पण उष्टावणासाठी चांदी घ्यायची तर आपण वाटी-चमचा घेतो, फार तर बोंडले. मग घेत नाही. इंग्रजी मग दारूच्या बैठकीत पुन्हा पुन्हा उचलून ओठाला लावायचा, म्हणून त्याला कान. आपला पेला, आपले फुलपात्र मुठीत मावते आणि पाणी वरून प्यायचे असते. ओठ लागला की भांडे उष्टे. तिथे कानाला कामच नव्हते.

कोणी म्हणेल, प्लास्टिक स्वस्त झाले, म्हणून मग आला. यात रीतिभाती कशाला? स्वस्ताईने तो घरात कसा आला ते कळते, न्हाणीतच का राहिला ते कळत नाही. ‘ग्लास’ही इंग्रजी नावाचाच, पण बिनकानाचा, पेल्याच्या घाटाचा, तो थेट मांडणीवर बसला. तर कपाला कान कसा चालला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण चहा हात भाजतो, म्हणून तिथे कान लागतोच. तरी कित्येकांनी तो बशीत ओतूनच प्यायला. न्हाणीतही कान असाच कामाला आला: बादलीतून पाणी उपसताना तांब्या गळ्याशी धरावा लागे, मगाला धरायला कान मिळाला. आता चिनीमातीचे मग ओट्यावर आले आहेत खरे, पण त्यांना ‘कॉफीचा मग’ अशी वेगळी ओळख द्यावी लागते. नुसते ‘दोन मग पाणी घेतले’ म्हटले, तर ते अंगावर घेतले, हे मलकापुरात कोणाला सांगावे लागत नाही.