नॉटमच
नॉटमच : स्वतःच्या संगणकावर साठवलेल्या ईमेलमध्ये शोध घेणारी मुक्त प्रणाली. कार्ल वर्थ यांनी ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. ती पत्रे आणत नाही, पाठवतही नाही. झापियन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअर-लायब्ररीच्या आधारे त्यांची सूची बनवते. त्यामुळे लाखो पत्रांतून हवे ते क्षणात सापडते.

खरी ताकद तिच्या शोधभाषेत आहे. ‘फ्रॉम:’, ‘सब्जेक्ट:’, ‘टॅग:’, ‘अटॅचमेंट:’ अशा उपसर्गांना अँड, ऑर, नॉट जोडून प्रश्न रचतात. ‘फ्रॉम:आई डेट:२०१५-०१..२०१६-१२ अटॅचमेंट:पीडीएफ’ एवढे लिहिले, की आईने त्या दोन वर्षांत पाठवलेली, पीडीएफ जोडलेली पत्रे समोर येतात. दोन पदांमध्ये ‘अँड’ गृहीतच असतो. पत्र कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले होते, हे आठवावे लागत नाही. एका पत्राला कितीही टॅग लावता येतात, हे तर कागदी फाइलींना कधीच जमले नसते.

मराठी पत्रांसाठी मात्र एक अडचण आहे. शब्दाचे मूळ रूप ओळखण्याची सोय इंग्रजीपुरती असल्याने ‘पुणे’ शोधल्यास ‘पुण्याला’ सापडत नाही. अशा वेळी सामान्यरूपापुढे तारांकन द्यावे : ‘पुण्या*’ लिहिल्यावर पुण्यात, पुण्याहून, पुण्याचा ही सगळी रूपे हाती लागतात.