शब्दवेध : जरब
'जरब' मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ घाव, तडाखा. टाकसाळीत नाण्यावर ठसा मारतात तीही जरबच. मराठीत घाव मागे पडला, त्याची धास्ती तेवढी उरली. मास्तरांची जरब म्हणजे छडी न उगारता वर्ग चिडीचूप! अण्वस्त्रांचं समर्थन याच अर्थावर उभं असतं: बॉम्ब टाकायचा नसतो, नुसता बाळगायचा. पण ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेलं भारताचं अण्वस्त्र धोरण पाहा. पहिला वार आपला नाही. आपल्यावर झाला, तर मात्र प्रत्युत्तर प्रचंड. म्हणजे धास्ती टिकवायची तर घावाची तयारी खरीच हवी. आणि हा घाव लष्करी तळ न् पाळणाघर यांत फरक करत नाही. 'वापरणार थोडाच' म्हणून तो बाळगणं निर्दोष ठरतं, हे मला पटत नाही.