पेचमनच्या रिॲक्शनमधली मुंबई

आमच्या भिवपुरी रोडहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलात आणि फोर्टातून जहांगीर आर्ट गॅलरीकडे चालत निघालात, की जवळच विज्ञान संस्थेची जुनी दगडी इमारत लागते. १९२० मध्ये सुरू झाली तेव्हा ती रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स होती. आजची गोष्ट तिथली.

आधी थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. १८८३ मध्ये जर्मनीत हान्स फॉन पेचमन आणि कार्ल डुइसबर्ग (हाच पुढे बायर कंपनीचा प्रमुख झाला) यांनी फिनॉल आणि ॲसिटोॲसिटिक एस्टर आम्लात एकत्र केले. एस्टरमधून अल्कोहोल सुटलं, शिवाय पाणी सुटलं, आणि उरलेल्या तुकड्यांची नवी रिंग बंद झाली. तयार झालं कुमारिन. हिशोब बघा: ११० ग्रॅम रिसॉर्सिनॉल, १३० ग्रॅम एस्टर; त्यातून ४६ ग्रॅम अल्कोहोल आणि १८ ग्रॅम पाणी गेलं, की उरतं १७६ ग्रॅम कुमारिन. अर्थात हे कागदावर; प्रॅक्टिकलला एवढं कधीच हाती लागत नाही.

आता खरा प्रश्न: रिंग नेमकी कुठे बंद होणार? रिसॉर्सिनॉलवर दोन हायड्रॉक्सी गट असतात. सल्फ्युरिक ॲसिड वापरलं, की रिंग सहसा बाहेरच्या बाजूला बनते. दोघांच्या मधला कार्बन तसाच राहतो, तिथे फार गर्दी. १९३८ मध्ये सुरेश सेठना, एन. एम. शहा आणि आर. सी. शहा यांनी ॲसिडऐवजी ॲल्युमिनियम क्लोराईड घेतलं, आणि रिसॉर्सिनॉलच्याच घरातल्या, पण एक जादा एस्टर गट असलेल्या रेणूवर वापरलं. रिंग त्या मधल्या कार्बनवर बंद झाली! कच्चा माल तोच, फक्त कॅटलिस्ट बदलला आणि वेगळाच रेणू मिळाला. कोडमधला एक फ्लॅग बदलावा आणि आउटपुटच दुसरं यावं, तसं.

नंतर १९५३ मध्ये 'ऑरगॅनिक रिॲक्शन्स' या अमेरिकन ग्रंथमालेचा सातवा खंड आला. त्याचं पहिलंच प्रकरण पेचमन रिॲक्शनवर आहे. लेखक दोन: सुरेश सेठना आणि रागिणी फडके. म्हणजे जगभरातले केमिस्ट ही रिॲक्शन करायला बसले, की डॉक्युमेंटेशन या दोघांचं उघडणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले जाणतो, डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मला मात्र हे नाव परीक्षेत विचारायला हवं होतं. पेचमन तर पाठ असतोच.