संमती आणि शरणागती : १९७९ च्या एका खुल्या पत्राचा अन्वयार्थ

१६ सप्टेंबर १९७९ रोजी दिल्ली विद्यापीठातील विधी-अध्यापक उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना खुले पत्र लिहिले. पत्र इंग्रजीत होते. त्याचे मूळ मात्र विदर्भाच्या पूर्व टोकाला होते. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी मानले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले.

तिन्ही निकालपत्रांत वाद घटनेपेक्षा एका शब्दाच्या अर्थाचा आहे. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती, अशी सर्वोच्च न्यायालयाच्या युक्तिवादाची साखळी होती. पत्राने संमती आणि शरणागती यांत भेद केला. या भेदाचे श्रेय सामान्यतः पत्रलेखकांना दिले जाते. वस्तुतः भयापोटी पत्करलेली असहाय शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, हे नागपूर खंडपीठाने आधीच नोंदविले होते. पत्राचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. रात्रीचे पोलीस ठाणे, मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, समोरच्याची वर्दी : निकालपत्राने पार्श्वभूमी म्हणून बाजूला सारलेला हा तपशील पत्रलेखकांनी अर्थनिर्णयाच्या केंद्रस्थानी आणला. निकालपत्राचे इतके काटेकोर वाचन साहित्यसमीक्षेतही विरळाच.

१९८० मध्ये स्त्री-संघटनांनी पुनर्विलोकनाची मागणी केली, पण निकाल बदलला नाही. बदलला तो कायदा. १९८३ च्या दुरुस्तीनुसार, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे होते. दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या याचिकेवर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पीडितेला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाचे साहाय्य मिळावे, असे निर्देश दिले. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या संज्ञेची व्याख्या आणि तिला अपिलाचा हक्क २००९ च्या अखेरीस अमलात आला. ज्या मुलीपासून हे सारे सुरू झाले तिला यांतील काहीही लाभले नाही. खुद्द पत्रातही ती तृतीयपुरुषी आहे. तिच्या वतीने विद्वान बोलतात आणि ऐकणारे न्यायाधीश असतात.

१९८३ च्या त्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख प्रकट करणे दंडनीय ठरविले. विधि-अहवालांत हा खटला आरोपीच्या नावाने नोंदलेला आहे. चळवळीच्या साहित्यात आणि विधि-अभ्यासक्रमांत तो अद्याप तिच्या नावाने ओळखला जातो.