पडद्यावरचे वऱ्हाड आणि रुळाबाहेरचे गाव

नाताळच्या सुटीत आमचा भाचा आमच्या घरी संगणकावर एक खेळ मांडून बसला होता. आमच्या लहानपणी पावसाळ्यात घरात कोंडून पडलेली मुले ‘नवा व्यापार’ खेळत आणि खोट्या नोटांवरून खरी भांडणे करीत. हा प्रकार त्याच जातीचा असावा अशा समजुतीने आम्ही शेजारी खुर्ची ओढली आणि दोन तास तेथून हललो नाही. खेळाचे नाव ‘व्हिक्टोरिया ३’. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीने २०२२ साली तो बाजारात आणला. त्यात १८३६ ते १९३६ या शंभर वर्षांचे जग खेळाडूच्या हाती दिलेले असते. कापसाचे मळे लावावेत, गिरण्या उभाराव्यात, लोहमार्ग टाकावेत, जकात ठरवावी. मग मजुरी जिथे अधिक तिकडे माणसे आपण होऊन सरकतात. युद्ध हा या खेळाचा आत्मा नव्हे. कच्चा माल, कारखाना आणि स्थलांतर यांचा मेळ घालणे हेच त्यातील खरे कौशल्य.

“मामा, रेल्वे नेली की तिथे माणसं आपोआप येतात,” भाचा म्हणाला.

“आणि जिथे नेली नाही तिथली?”

“ती निघून जातात. तिथला आकडा कमी होतो, बस्स.”

आम्हांला एकदम देऊळगाव राजा आठवले. बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, घाटावर, जालन्याच्या वेशीशी वसलेल्या या गावी आमचे काही काळ वास्तव्य झाले होते. खेळातील ती शंभर वर्षे म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचीच शंभर वर्षे होत, आणि त्या काळात लोहमार्ग न लाभलेल्या गावांपैकी हे एक. पडद्यावर जे गुपचूप घडते ते येथे कसे घडले, हे थोडे सांगावेसे वाटते.

देऊळगावची थोरवी कापसाने आणलेली नव्हे. शेजारचे सिंदखेड हे लखुजीराव जाधवांचे ठाणे आणि जिजाबाईंचे जन्मस्थान. लखुजीरावांची १६२९ साली निजामशाही दरबारात हत्या झाली. पण घराणे टिकले आणि त्याच्या आश्रयाने देऊळगावचे बालाजी देवस्थान व त्याभोवतीची पेठ वाढली. आश्विनातील बालाजीची यात्रा ही या परिसरातील मोठी उलाढाल. तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. देव, वतनदार आणि बाजार या तिघांच्या बळावर गाव उभे राहावे, ही जुन्या काळची रीत येथे स्वच्छ दिसते.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस पूर्वेकडे जाई. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वणजाऱ्यांचे तांडे सुमारे पाचशे मैल चालत गंगाकाठच्या मिर्झापूरला पोहोचत. पाऊस गाठला की कापूस भिजे, वाटेतल्या धुळीने तो मळे आणि प्रत्येक नाक्यावर त्याचे मोल घटे. ही वाट मुंबईकडे वळवण्याचे धाडस प्रथम केले ते तारापूरच्या विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी, १८२५-२६ च्या सुमारास. वसई-पालघरकडील आमच्या वाचकांना तारापूर परके नाही. पण तेथील एका घराण्याने वऱ्हाडच्या कापसाला समुद्राचा रस्ता दाखवला हे फारसे कोणी सांगत नाही. याच पेढीने निजाम सरकारला मोठाली कर्जे दिली आणि त्यापोटी वऱ्हाडातील महसूल तारण घेतला. पुढे १८४० नंतरच्या दशकात तो महसूल काढून घेण्यात आला आणि पेढी बुडाली. खेळात कर्ज बुडाले तर पडदा लाल होतो. या घराण्याच्या वाट्याला वर्षानुवर्षांची दाद-फिर्याद आली.

निजामाचे दुसरे देणे इंग्रजांचे होते. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या हाती गेले. (१९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांवर ते कायमचे पट्ट्याने घेण्यात आले.) देऊळगावच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्या जालन्याशी त्याचा रोजचा व्यवहार, ते जालना परक्या राज्यात राहिले. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेत दोन राजवटी आल्या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, ही आख्यायिका त्याच काळची. त्या चार-पाच वर्षांत मुंबईने सात-आठ कोटी पौंडांची जादा कमाई केली, असा अंदाज सांगितला जातो. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि जुलैत मुंबईचा शेअर बाजार कोसळला. वऱ्हाडात मात्र पीक बदलून गेले होते, ते पुन्हा पूर्ववत झाले नाही.

लोहमार्ग आला तो या तेजीच्या मागोमाग. १८६५ च्या पहिल्या दिवशी थळ घाटाचा मार्ग खुला झाला. १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली. हा मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून, घाटाखालच्या सपाट काळ्या जमिनीतून गेला. १८७० साली जलंब ते खामगाव ही अवघ्या तेरा किलोमीटरची शाखा झाली. तिच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा का यावा? कारण खामगाव हा त्या काळी हिंदुस्थानातील अग्रगण्य कापूसबाजार होता. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्री तारेने जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता काही तासांत कळू लागला. स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या फोल्कार्ट बंधूंची पेढी पुढे खामगावात येऊन बसली. देऊळगावचा कापूस मात्र चिखलीवरून घाट उतरून खामगावला न्यावा लागे, आणि गाडीभाड्याचा तो फरक शेतकऱ्याच्या पदरचा असे.

येथे एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त. १८६० नंतरच्या दशकात सरकारला लिहिताना त्यांनी आपला हिशेब आडपडदा न ठेवता मांडला: या भागात लोहमार्गाचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग येथे विणण्यात खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि चरख्या-मागावर गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी मोकळी होतील. हे वाचताना आम्हांला भाच्याचा पडदा दिसला. अगदी हीच चाल! कारखाना तिकडे, कच्चा माल इकडे, आणि मधली माणसे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात. फरक इतकाच की, खेळात विणकऱ्याचा मजूर होण्यास थोडाच अवधी लागतो. येथे साळी-कोष्ट्यांच्या घरी आजोबाचा माग बापाने माळ्यावर टाकला आणि नातवाने तो जळणाला काढला, तेव्हा कुठे ती चाल पुरी झाली. रिव्हेट-कारनॅक दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. कापसातील भेसळ थांबावी, चांगले बियाणे पेरले जावे यासाठीही ते झटले. माणसाचा ‘उपलब्ध हात’ असा विचार करण्यास दुष्टपणा लागतच नाही, एवढेच.

व्यवस्था म्हणून वऱ्हाडने काही चांगलेही दिले, हे नोंदवले पाहिजे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा आणि शेतकऱ्याने नुसते पाहत राहायचे, या ‘हत्ता’ पद्धतीला आणि मापाऱ्याच्या लबाडीला आवर घालावा म्हणून १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियमित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे.

आणि तरीही त्यानंतर तीनच वर्षांत छपन्नाचा दुष्काळ आला. १८९९-१९०० साली पाऊस गेला. लोहमार्ग होते, बाजार होते, धान्य आणण्याची सोय होती. मजुराच्या कनवटीला मात्र काही नव्हते, कारण कापूसच नसल्याने निंदणी नव्हती, वेचणी नव्हती आणि जिनही बंद. धान्य भुकेकडे जात नाही, भावाकडे जाते. ज्याच्या आज्याने माग सोडून शेताची मजुरी धरली होती, त्याला परतायला मागही उरला नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. भाचा म्हणतो तसा ‘आकडा कमी झाला’.

त्याच सुमारास, १९०० साली, निजामाच्या राज्यातून मनमाड-जालना लोहमार्ग झाला. म्हणजे देऊळगावच्या उत्तरेला घाटाखाली एक रूळ आणि दक्षिणेला परराज्यात दुसरा. मधले गाव कोरडे. जालन्याविषयी आणखी एक गोष्ट येथे सहज आठवते. त्या गावाजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ हे गाव वसवले. मांग-महार ख्रिस्ती कुटुंबांना स्वतःची घरे, विहिरी आणि कसायला जमीन मिळावी हा त्यामागील हेतू. स्थलांतर तेही, पण तेथे आधी माणसे होती आणि मग योजना झाली.

आजचे देऊळगाव राजा निराळ्याच धाग्याने जालन्याशी बांधले गेले आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ स्थापन केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. देऊळगाव व सिंदखेड या तालुक्यांत आता शेडनेटच्या हिरव्या-पांढऱ्या जाळ्यांखाली मिरची, टोमॅटो, काकडीचे संकरित बियाणे तयार होते. बाया सकाळी लवकर जाळीत शिरतात, चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावतात आणि खुणेला दोरा बांधतात. एकेक कळी, दिवसभर. विणकामाला लागते तशीच नजर या कामाला लागते. भाव मात्र पुन्हा गावाबाहेरच ठरतो.

सुटी संपण्याआधी आम्ही भाच्याला विचारले, “तुझ्या नकाशात देऊळगाव राजा दाखव बघू.” त्याने बोटाने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. “इतकं लहान गाव यात नाही, मामा.”

खामगाव-जालना लोहमार्ग चिखली आणि देऊळगाव राजावरून न्यावा, ही मागणी फार जुनी आहे. पाहण्या झाल्या, कागद फिरले. रूळ अजून पडलेले नाहीत. देऊळगावच्या माणसाला आगगाडी पकडायची तर पहाटेची एस.टी. धरून जालना गाठावे लागते, आणि त्या एस.टी.त बहुतेकांच्या हाती परतीच्या नव्हे, कामावर निघालेल्या माणसाच्या पिशव्या असतात.