दोन वायरी, वेग एकीचाच

बंगळुरूच्या राजाजीनगरमधून मी पुन्हा तुमच्यासमोर. आजचा इतिहास लढायांचा नाही, वायरींचा आहे.

आमच्या इथल्या औद्योगिक भागात एका ओळखीच्या मराठी कुटुंबाचे वर्कशॉप आहे. सगळा हिशेब आणि ड्रॉइंग एका सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, त्यांचा डेटा नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजमध्ये. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपेना, म्हणून मधे दोन वायरी टाकल्या. थोरला मुलगा म्हणाला, "काका, खर्च दुप्पट झाला, वेग तेवढाच!"

याचे उत्तर जुने आहे. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी अमेरिकेत 'कल्पना' नावाची कंपनी काढली. नाव भारद्वाजांच्या पत्नीचे. १९९० मध्ये त्यांनी सात पोर्टचा इथरनेट स्विच आणला. अनेक वायरी एकत्र बांधण्याची 'इथरचॅनेल' ही युक्तीही त्यांचीच. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. २००० मध्ये याच कामासाठी ८०२.३एडी हे मानक आले.

ग्यानबाची मेख इथेच आहे. एकाच तुकडीच्या गाड्या दोन पुलांवरून पाठवल्या, तर पलीकडे क्रम विस्कटतो. म्हणून नियम असा, की एका जोडणीची सगळी पॅकेट एकाच वायरीने जावीत. वायर ठरते पत्त्यांवरून. या वर्कशॉपात सर्व्हर एक, स्टोरेज एक आणि मधली एनएफएस जोडणीही एकच. सगळा भार एका वायरीवर, दुसरी नुसती राखीव!

मग वाट कोणती? वायरी बांधायच्या नाहीत, दोन स्वतंत्र जोडण्या करायच्या. २००४ मध्ये आयएससीएसआयचे मानक आले. २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये आयएससीएसआयसाठी प्रत्येक पोर्टची वेगळी वाट करता येऊ लागली. राउंड रॉबिन लावले, की ठरलेल्या सेटिंगप्रमाणे हजार मागण्या एका वाटेने, पुढच्या हजार दुसरीने. एनएफएस ४.१ मधून अनेक वाटांची सोय २०१५ च्या व्हीस्फिअर ६ मध्ये आली.

त्यांच्या स्टोरेजमध्ये आयएससीएसआय होतेच. एका रविवारी बदल केला. मग मी मुलाला चालू कामात एक वायर उपटायला लावली. तो घाबरला, पण काम थांबले नाही. त्या रात्री बॅकअप पहाटेआधी संपला.

तेव्हा तिसरी वायर विकत घेण्याआधी जोडण्या किती आहेत, ते मोजा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!